पाठीमागची हाक

रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यातला दुसरा शुक्रवार. वेळ तिसऱ्या प्रहरच्या असर नमाजानंतरची. स्थळ कैरो शहर, नाईलच्या पश्चिम तीरावरील इम्बाबा भाग, जुन्या कालव्याचा रस्ता. आणि त्या रस्त्यावर हाज खलफ यांच्या लाकडाच्या वखारीमागे जे लांबट, उंच छताचे दालन आहे, ते.

कालवा बुजवून त्यावर रस्ता झाला त्याला इतकी वर्षे लोटली होती की नावाखेरीज पाण्याची एकही खूण तेथे उरली नव्हती. तरीही पाण्याचा एक गुण त्या रस्त्याने राखला होता, असे म्हणावे लागेल. तेथे कोणी कोणासाठी थांबत नसे आणि तरीही सगळे पुढे सरकत असत. मायक्रोबस सायकलला वळसा घाली, सायकल गाढवाच्या गाडीला, गाढवाची गाडी पायी चालणाऱ्याला. आणि पायी चालणारा, ज्याला वळसा घालण्यासारखे दुसरे कोणी उरलेच नव्हते, तो आपल्या चालीने चालत राही. त्याने पळू नये, दचकू नये, मन बदलू नये, एवढीच अपेक्षा असे. बाकीचे त्याच्या चालीचा अंदाज घेऊन वाट काढीत. सिग्नलचा खांब तेथे एक होता, पण त्याचा उपयोग लिंबूवाला आपली छत्री बांधण्यासाठी करी.

दालनात तीन भिंतींना लागून बाके मांडलेली होती. कोणी कोठे बसावे हे कोणीही सांगितले नव्हते. पण जो तो ज्या चाकांवर पोट भरत होता त्यांच्या बाजूला आपोआप जाऊन बसला. उजवीकडे मायक्रोबसचे चालक, आणि त्यांच्यापुढे त्यांच्या स्टँडचा म्होरक्या बहगत. डावीकडे भट्टीची माणसे, सायकलवरून रोट्या वाहणारे, आणि भट्टीचा मालक मुअल्लिम हनफी. मधल्या भिंतीशी ज्यांना चाकेच नव्हती ते: शेजारी, दुकानदार, कोपऱ्यावरचा म्हातारा शिंपी. त्यांच्या मध्यभागी, दोन्ही बाजूंना वीतभर जागा मोकळी सोडून, मयत बाईचा मुलगा बद्री बसला होता. वाळवंटाकडून येणारा खमसीनचा वारा सकाळपासून सुटलेला होता. बंद खिडक्यांच्या फटींतून आत आलेली पिवळी धूळ सगळ्यांच्या खांद्यांवर सारखीच बसली होती.

दसूकी डाव्या बाकाच्या टोकाला, दाराजवळ बसला होता. त्याची मान ताठ होती. यात गर्व नव्हता. वीस-बावीस वर्षे डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर खजुरीच्या कामट्यांची माणसाएवढी लांब ताटी, ताटीवर गरम रोट्यांचे थर, एक हात ताटीला आणि एक हात सायकलच्या दांड्याला, अशा रीतीने ज्याने शहर पार केले त्याची मान पुढे बसल्या जागीही वाकत नाही. त्याची बायको त्याला म्हणे की तू झोपेतसुद्धा काहीतरी सावरत असतोस.

बैठक जिच्यासाठी भरली होती ती सित्त नगिय्या, बद्रीची आई, मंगळवारी सकाळी मायक्रोबसखाली गेली. चौकीत नोंद झाली, दफन त्याच दिवशी झाले. पण बद्रीने सांत्वनाचा मांडव घातला नाही. हे घराणे मूळचे वरच्या इजिप्तातले, सोहागकडचे. मृत्यू कोणाच्या हातून झाला हे चारचौघांत ठरत नाही तोवर त्यांच्यात सांत्वन स्वीकारीत नाहीत. दारी आलेल्याला बद्री उंबऱ्यावरूनच परत पाठवत होता. कोणावर हात उगारला नव्हता, कोणाला शिवी दिली नव्हती. सांत्वन नाकारणारा सूड राखून ठेवतो, आणि मोहल्ल्याला नेमकी त्याचीच धास्ती वाटत होती.

दसूकीला धास्ती वेगळीच होती. बैठकीला निघण्यापूर्वी भट्टीच्या मागच्या खोलीत मुअल्लिम हनफीने त्याला जवळ बसवून घेतले होते.

“हे बघ, दसूकी. तुला एवढंच म्हणायचंय की मी ओरडलो होतो. संपलं. ओरडला होतास ना?”

“ओरडलो होतो.”

“मग यात खोटं काय आहे? पुढचं लोक आपापलं समजून घेतील. म्हातारी माणसं, कान जातात. भट्टीचं नाव यात आलं तर ताट्या या रस्त्यावर बंद होतील, आणि मला तीनचाकी घ्यावी लागेल. ती तू चालवणार? तुला दोन चाकांवरून खाली उतरलेलं मी कधी पाहिलेलं नाही. तुझ्याच पोटाचं सांगतोय मी.”

हनफी वाईट माणूस नव्हता, आणि त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. दसूकीची अडचण एवढीच होती की सित्त नगिय्याला त्या सकाळी ऐकू गेले होते, हे त्या दालनात त्याला एकट्याला पक्के ठाऊक होते. तो बोलला तर चुंबळ उतरणार होती. तो गप्प राहिला तर एका बाईला मेल्यावर बहिरी ठरवले जाणार होते, आणि तिच्या मरणाचा दोष तिच्यावरच टाकून सगळे आपापल्या घरी जाणार होते.

हाज खलफ यांनी बोलायला सुरुवात केली. सत्तरीचा, सडपातळ, कोरीव दाढीचा हा मनुष्य मोहल्ल्यातील भांडणांचे निवाडे करी. त्याच्या न्यायबुद्धीइतकीच त्याच्या प्रश्नांची भीती लोकांना वाटे.

“बिस्मिल्ला. एक बोलत असताना दुसऱ्यानं तोंड घालायचं नाही. उस्ता शौकी, गाडी तुझी होती. तू आधी.”

शौकी उठला. तिशीतला, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. “हाज, अल्लाला स्मरून सांगतो. मी स्टँडकडे चाललो होतो. माझ्यापुढे हा दसूकी. डोक्यावर ताटी, रस्त्याच्या मधोमध, जसा काय स्वतःच्याच वरातीत निघालाय. मी हॉर्न दिला. हलला नाही. परत दिला. तरी हलला नाही.”

“कोणता हॉर्न?”

“हॉर्न म्हणजे... हॉर्न, हाज.”

“या रस्त्यावर हॉर्न म्हणजे नुसता हॉर्न नसतो. वाट मागणारा वेगळा, आभार मानणारा वेगळा, आणि समोरच्याच्या आईपर्यंत जाणारा वेगळा. मीही याच रस्त्यावर राहतो. कोणता दिलास?”

चालकांच्या बाकावर कोणीतरी खाली बघून हसू दाबले.

“पहिल्यांदा वाट मागितली,” शौकी म्हणाला. “दुसऱ्यांदा... तो दुसरा.”

“आईपर्यंत जाणारा.”

“हो, हाज.”

“पुढे.”

“मग मी बाजूनं काढली गाडी. आरसा ताटीला घासला असेल, मला कळलं नाही. रोट्या पडल्या तेही कळलं नाही. पुढे जाऊन थांबलो, कारण मागून कोणीतरी ‘गीझा, गीझा’ म्हणून हाक मारत होतं. सवारी सोडून कसं चालेल? आरशात बघितलं. रस्ता रिकामा. गाडी मागे घेतली.” त्याचा आवाज येथे फुटला. “आरशात कोणी नव्हतं, हाज. उभं माणूस दिसतं. वाकलेलं दिसत नाही.”

“रिकाम्या रस्त्यावर मेली होय रे माझी आई?” बद्री म्हणाला. त्याने आवाज चढवला नव्हता.

बहगत पुढे सरसावला. “बद्रीभाऊ, तुमचं दुःख आमच्या डोक्यावर. पण मुद्द्याचं बोलू. चालत्या रस्त्यात मधोमध वाकायचं कशाला माणसानं? रस्ता काय वाकायला असतो?”

“रोटी पडली होती,” शिंपी म्हणाला.

“पडली असेल.”

“तुझ्या पायाशी पडली असती तर तुडवून गेला असतास?”

“तुडवून कशाला? बाजूनं गेलो असतो.”

“उचलली नसतीस?”

पडलेली रोटी उचलायची, ओठांना लावायची, कपाळाला लावायची आणि पाय पोहोचणार नाहीत अशा एखाद्या कठड्यावर पाखरांसाठी ठेवून द्यायची, हे त्या दालनातल्या प्रत्येकाने चालायला शिकण्याबरोबरच शिकलेले होते. भर बैठकीत, देवाचे नाव घेऊन झाल्यावर, नाही म्हणण्याची कोणाचीच छाती नव्हती.

“उचलली असती,” बहगत शेवटी म्हणाला. “पण आधी गाडी बघितली असती. शिवाय बाईंनी चालायचं फुटपाथवरून.”

“कोणत्या फुटपाथवरून?” शिंपी आता पेटला होता. “ज्याच्यावर कहवाखान्याच्या खुर्च्या आहेत त्या? का ज्याच्यावर फ्रीजवाल्यानं मेलेल्या फ्रीजचं कब्रस्तान मांडलंय त्या? तुम्ही गाडीवाले म्हणता सायकलवाले माजलेत, सायकलवाले म्हणतात गाडीवाले माजलेत, आणि दोघं मिळून म्हणता म्हातारीनं कडेनं चालावं. कडा आहे कुठं? एका बाजूला खुर्च्या, एका बाजूला फ्रीज, आणि मध्ये ते...” तो थबकला.

“वाक्य पुरं कर,” हाज खलफ म्हणाले.

“आणि मध्ये तुमच्या फळ्या, हाज.”

हाज खलफ काही क्षण शिंप्याकडे बघत राहिले. मग दाराकडे वळून त्यांनी आपल्या गड्याला हाक मारली. “बाहेरच्या सगळ्या फळ्या आत घे. आत्ता. बैठक संपायची वाट बघू नकोस.” त्यानंतर जे काही बोलले गेले ते बाहेर फळीवर फळी पडण्याच्या आवाजासोबतच सगळ्यांनी ऐकले.

“आता उरला एकच प्रश्न,” हाज म्हणाले. “गाडी मागे येताना आवाज करते. ती बाई का हलली नाही?”

“तेच म्हणतोय मी!” बहगत म्हणाला. “शौकीची गाडी म्हणजे काय मांजर आहे पावलं न वाजवणारं? तिचं इंजिन नदीपलीकडे ऐकू येतं. कान असलेलं माणूस हललं असतं. म्हातारीला ऐकू येत नव्हतं, ही सरळ गोष्ट आहे.”

“माझ्या आईला ऐकू येत होतं,” बद्री म्हणाला. “खाली रस्त्यावर लिंबूवाल्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला कमी भाव सांगितला तर तिला तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायचं, आणि ती तिथून भांडायची.”

“मग हलली का नाही?”

दसूकीने आपले दोन्ही तळवे गुडघ्यांवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

मंगळवारची ती सकाळ त्याच्या डोळ्यांपुढून क्षणभरही हललेली नव्हती. आरसा ताटीला घासला तेव्हा त्याने पाय जमिनीला टेकवून तोल सावरला. थोड्या रोट्या गेल्या, बाकीचा भार राहिला. सित्त नगिय्या पुढे चालत होती, काळा अंगरखा, हातात प्लास्टिकची पिशवी. रोज सकाळी तो तिला तेथेच गाठे, रोज ओरडे, “पाठ, मावशी!” आणि ती मागे न बघता, जागच्या जागी थबकून म्हणे, “जा बाबा जा, रस्ता तुझ्याच बापाचा!” त्या दिवशी रोट्या घरंगळत तिच्या पायांशी गेल्या. ती वळली. “अरे दसूकी, अन्न सांडलंस की!” एवढे म्हणून ती वाकली. एक उचलली, ओठांना लावली. दुसरी उचलली. तिसरी घरंगळत थांबलेल्या गाडीच्या मागे जाऊन पडली होती. ती तिकडे गेली आणि पुन्हा वाकली. तेवढ्यात गाडी मागे यायला लागली.

तो ओरडला. आणि त्याच्या गळ्यातून तोच शब्द निघाला जो गेली वीस-बावीस वर्षे दिवसातून शेकडो वेळा निघत होता.

“पाठ! पाठ!”

त्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याला हा शब्द कोणी समजावून सांगत नाही. लहानपणी आई मनगट घट्ट धरून उभी राहते आणि मूल शिकते. पाठीमागून ही हाक आली की ओझेवाला येतो आहे. तू आहेस तेथे थांब, खांदे आत घे, वळू नकोस, उडी मारू नकोस. जो थांबतो त्याच्या बाजूने ओझेवाला निघून जातो. जो हलतो त्याच्यावर आदळतो. सित्त नगिय्याने हाक ऐकली. आवाजही ओळखला असणार. आणि वाकल्या अवस्थेत, रोटीवर हात ठेवून, ती थांबली. त्याला वाट देण्यासाठी थांबली. इंजिनचा आवाज तिच्या कानांवर येत असताना त्याच्या हाकेवर विश्वास ठेवून ती जागची हलली नाही. तो नुसता किंचाळला असता, तिचे नाव घेतले असते, काहीही निरर्थक ओरडला असता, तर तिने मान वर केली असती.

हाज खलफ आता आवरते घेत होते. त्यांची वाक्ये समारोपाच्या लयीत आली होती. “तर जे ऐकलं त्यावरून असं दिसतं. बाई वयस्कर होती, कानानं अधू होती, रोटी उचलायला वाकली हे तिचं पुण्य. पण मागची गाडी तिला कळली नाही. घडणारं घडलं. शौकी आणि दसूकी दोघंही बद्रीच्या माथ्याचं चुंबन घेतील...”

चालकांच्या बाकावर श्वास सुटल्याचा आवाज झाला. हनफीने दसूकीच्या गुडघ्यावर हात ठेवून हलकेच दाबले.

“हाज,” बद्री म्हणाला, “एकच मागणं आहे. ‘कानानं अधू’ हे शब्द काढा.”

“ते काढले तर दोष सगळा शौकीवर येतो!” बहगत ओरडला.

“तू थांब.” हाज बद्रीकडे वळले. त्यांचा आवाज मऊ झाला होता, प्रश्न मात्र नाही. “मुला, तिला ऐकू येत असतं तर ती हलली असती. न हलण्याचं दुसरं कारण तू मला दे, आणि मी शब्द काढतो. मी कारणाशिवाय शब्द घालत नाही आणि काढतही नाही.”

“मी तिथं नव्हतो. मला कारण माहीत नाही. पण तिला ऐकू येत होतं.” त्याने दालनाकडे नजर फिरवली. “तुमच्यापैकी निम्म्यांशी ती भांडलेली आहे. तुम्ही खालून जे पुटपुटलात ते ऐकून भांडलेली आहे. एकानं तरी सांगा.”

बाकांवर हलकीशी हालचाल झाली, कारण जे त्याने सांगितले ते पुष्कळांच्या आठवणीत होते. पण ते उठून सांगण्याइतके कोणाचे काही त्यात अडलेले नव्हते.

“दसूकी,” हाज म्हणाले, “तू सगळ्यांत जवळ होतास. हनफी सांगतो तू ओरडलास.”

दसूकी उभा राहिला. “ओरडलो.”

“आणि तिनं ऐकलं नाही.”

हनफीची नजर आपल्या मानेवर रुतल्याचे दसूकीला जाणवले. बाहेर एक फळी पडली, मग दुसरी. येथे फक्त मान हलवायची होती, बोलायचेही नव्हते. आणि तीच मान, जी कधी हलली नव्हती, आताही हलेना.

“ऐकलं,” तो म्हणाला.

“काय म्हणालास?”

“ऐकलं तिनं, हाज.”

“मग?”

“मी जे रोज ओरडतो तेच ओरडलो.”

त्याला पुढे सांगावे लागले नाही. मधल्या भिंतीशी बसलेल्यांना आधी समजले, कारण आयुष्यभर त्या हाकेवर थांबणारे तेच होते. शिंप्याने डोळे मिटले. मग सायकलवाल्यांना समजले, आणि त्यांच्यातल्या एकाने नकळत आपले तोंड हाताने झाकले.

“पाठ?” हाज खलफ यांनी विचारले. त्यांना ठाऊक होते. पण ठाऊक असलेली गोष्टही वदवून घेतल्याशिवाय ते धरून चालत नसत.

“पाठ.”

“म्हणजे ती थांबली.”

“थांबली. थांबायचं कळत होतं म्हणूनच थांबली. बहिरी असती तर वाचली असती, हाज.”

बद्रीने कपाळ दोन्ही मुठींवर टेकवले. त्याचे खांदे हलले. मंगळवारपासून मोहल्ल्याने त्याला रडताना पाहिले नव्हते. मग एकदमच सगळे बोलू लागले.

“गाढवा!” हनफी उठून उभा राहिला होता. “अरे, तू तिला वाचवायला ओरडलास! हाज, हेतू बघा. माणसाचा हेतू बघतात की नाही?”

“हेतू-बितू काही नाही,” बहगत म्हणाला. “ऐकलंत ना सगळ्यांनी? सायकलवाल्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. त्यानंच थांबवली तिला. शौकी मोकळा झाला.”

“मोकळा?” हाज खलफ यांनी हात वर केला तसे दालन शांत झाले. “मोकळा कशावरून? हाक कशासाठी द्यावी लागली? गाडी मागे येत होती म्हणून. आरशात दिसत नाही म्हणून मागचा रस्ता रिकामा होतो, हे तुला कोणी शिकवलं? खाली उतरून बघायला शौकीचे पाय मोडले होते?”

“सवारी निघून गेली असती, हाज,” शौकी अगदी हळू म्हणाला. आपण काय बोललो हे कळताच त्याने मान खाली घातली.

“आणि तू, दसूकी.” हाज आता त्याच्याकडे वळले. “शौकी म्हणतो तू वाट दिली नाहीस. देता येत होती का?”

हनफी म्हणाला, “डोक्यावर ताटी असताना...”

“मी त्याला विचारतोय.”

“कहवाखान्याच्या अलीकडे जागा होती,” दसूकी म्हणाला. “तिथं देता आली असती.”

“का नाही दिलीस?”

“पहिला हॉर्न ऐकला तेव्हा देणारच होतो. मग दुसरा ऐकला.”

“म्हणून दिली नाहीस.”

“म्हणून दिली नाही. रोज तो मला असंच दाबतो. रोज मीच सरकतो. त्या दिवशी म्हटलं, आज नाही.”

शौकीने वर पाहिले. दोघांची नजर क्षणभर मिळाली, आणि त्या नजरेत मंगळवारचा राग उरलेला नव्हता. दोघांनाही एकच चित्र दिसत होते, एवढेच. मग दोघांनीही तोंडे फिरवली.

“हाज, मला थोडं बोलू द्या,” हनफी म्हणाला, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात आधीची चलाखी नव्हती. “मंगळवारपर्यंत या माणसानं एवढ्या वर्षांत एक रोटी जमिनीवर पडू दिली नव्हती. रमजान तोंडावर आलाय. अर्धा मोहल्ला याच्या डोक्यावरून जेवतो. त्यानं आपणहून सांगितलं, त्याला कोणी धरलं नव्हतं. खरं बोलणाऱ्याला शिक्षा केली तर उद्या या दालनात कोण खरं बोलेल?”

हा युक्तिवाद दुबळा नव्हता, आणि हाज खलफ यांनी तो दुबळा असल्यासारखा झटकून टाकला नाही. त्यांनी दाढीवर बोटे फिरवली. “खरं बोलल्याबद्दल त्याचा मान आहे,” ते शेवटी म्हणाले. “पण त्याला दोष खरं बोलल्याबद्दल लागत नाही, हनफी. जे घडलं त्याबद्दल लागतो. या दोन गोष्टी मी एकमेकींतून वजा केल्या तर उद्या इथं माणसं खरं बोलायला येणार नाहीत, सूट घ्यायला येतील.” ते बद्रीकडे वळले. “तुला काही म्हणायचंय?”

बद्रीने चेहरा पुसला. तो उठला आणि दालन ओलांडून दसूकीपुढे येऊन उभा राहिला. सायकलवाल्यांतले दोघे-तिघे अर्धवट उठले. पण त्याने हात उचलला नाही.

“शेवटी काही बोलली?” त्याने विचारले.

“मला म्हणाली, अन्न सांडलंस. रागावूनच म्हणाली.”

“रागावूनच,” बद्री म्हणाला. त्याने मान हलवली, जणू हरवलेली एक वस्तू मोजून परत मिळाली. “मला आणखी काही म्हणायचं नाही, हाज. तिला आंधळी-बहिरी म्हणू नका. बाकी तुम्ही द्याल तो निवाडा.”

तो आपल्या जागी परत गेला. दसूकी उभाच राहिला, कारण त्याला बसायला कोणी सांगितले नव्हते आणि बसवतही नव्हते. आपण हे बोललो नसतो तर, असा विचार त्याने करून पाहिला, आणि तो विचार पुढे सरकला नाही. उद्या पहाटे भट्टीचे दार उघडेल तेव्हा हात कोठे ठेवायचे, हे मात्र त्याला कळत नव्हते.

हाज खलफ उभे राहिले. त्यांच्याबरोबर सगळे उभे राहिले. त्यांनी कोणाकडेही न बघता, बाजारभाव सांगावा तशा सपाट आवाजात निवाडा सांगितला.

“सित्त नगिय्याचा काही दोष नाही. तिला ऐकू येत होतं, आणि तिनं योग्य तेच केलं. हे बाहेर जाऊन सगळ्यांनी असंच सांगायचं. मोठा दोष शौकीचा. मागे न बघता त्यानं गाडी मागे घेतली, आणि तो या रस्त्यावर पुन्हा गाडी चालवणार नाही. दोष दसूकीचाही आहे. त्यानं हट्टानं वाट अडवली, आणि जिनं हलायला हवं होतं तिला थांबवलं. बद्री उद्या मांडव घालील आणि दोघांचंही सांत्वन स्वीकारील. दसूकीची ताटी या रस्त्यावरून पुन्हा जाणार नाही.”